तिसऱ्या खंडाचा चोर

ओस्टर लेक गावात कुणी काही देऊ केलं की दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण मिनेसोटातले लिहिलेले कायदे मोडणारे दोनचार जण गावात निघतील, हा मोडणारा निघणार नाही. कॉफी घेणार? नको. घ्या हो, केलेलीच आहे. छे, उगीच कशाला. अर्धा कप तरी? बरं, आता केलीच आहे तर. इथपर्यंत आलं की कप भरतो. बाहेरून आलेला एखादा पहिल्याच फटक्यात हो म्हणाला तर त्याच्याबद्दल कुणी वाईट बोलत नाही, फक्त त्याला पुन्हा बोलवत नाहीत.

या बाबतीत व्हर्लिन टॉलेफसनचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. व्हर्लिन सरकारी वजनमाप निरीक्षक म्हणून निवृत्त झाला होता. खाटकाचा तराजू, पेट्रोलचा पंप, धान्याच्या ट्रकचा काटा, सगळ्यांवर त्याने जन्मभर डोळा ठेवला. अशा माणसाला निवृत्ती मानवत नाही. पहिल्याच महिन्यात त्याने घरातले मापाचे चमचे तपासले आणि त्यांतले दोन खोटे ठरवून टाकून दिले. बायकोने, म्हणजे मार्लिसने, ते कचऱ्यातून परत काढले आणि त्याला सांगितलं, "चर्चच्या हिरवळीवर पुस्तकांची पेटी लावलीय ना, तिच्यात नको ती पुस्तकं येतात म्हणे. जा, ती तपास."

काम एवढंसं होतं. चार पायांवर उभी केलेली कबुतरांच्या खुराड्याएवढी पेटी, काचेचं दार, ज्याला हवं त्याने पुस्तक ठेवावं, ज्याला हवं त्याने न्यावं. व्हर्लिन गेला आणि त्याला पहिल्याच दिवशी घबाड मिळालं. दोन जाडजूड कादंबऱ्या, एकाच कहाणीचे पहिला आणि दुसरा खंड. मुखपृष्ठावर टोपडं घातलेला एक पोरगेला माणूस, दातांत सुरी धरून छपरावरून उडी मारणारा. कहाणीचा नायक कोण, तर चोर. त्याला मदत करणारे कोण, तर चोर. त्याला शिकवणारी म्हातारी, तीही चोरच. राजा आणि पोलीस तेवढे वाईट.

चर्चच्या मंडळापुढे व्हर्लिनने जोरदार भाषण केलं. आपल्या ल्युथरन चर्चच्या दारात, दहा आज्ञा लावलेल्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर चोरांचं कौतुक? त्या दहांत चोरीचा नावानिशी उल्लेख आहे, हे त्याने निदर्शनाला आणून दिलं. सगळे माना डोलवत होते. फक्त मंडळाच्या पाद्रीबाईंनी एक प्रश्न विचारून घोळ केला. त्या म्हणाल्या, "पुस्तकं वाचलीत का तुम्ही?" वाचली नव्हती. मग ठरलं की व्हर्लिनने ती वाचावीत आणि पुढच्या बैठकीत अहवाल द्यावा. व्हर्लिनचा अंदाज होता की दहा पानांत काम उरकेल. सडकं कणीस ओळखायला अख्खं खावं लागत नाही.

दहाव्या पानावर ब्रँबल, म्हणजे तो चोर, एका मिठागराच्या शहरात उपाशी हिंडत होता. ठीक आहे, म्हणून व्हर्लिनने पान उलटलं. चाळिसाव्या पानावर ब्रँबल धान्याच्या बाजारात शिरला आणि त्याला दिसलं की व्यापाऱ्याची वजनं तळाकडून पोखरून आत मेण भरलेलं आहे. व्हर्लिन खुर्चीत ताठ बसला. पोखरलेलं वजन त्याने स्वतः पकडलेलं होतं. लिहिणाऱ्याला विषय ठाऊक होता. पुढे तर कळलं की शहरातली सगळी वजनं ज्या मूळ वजनावरून पाडतात, ते सरदाराच्या काटेघरातलं वजनच खोटं आहे. म्हणजे अख्खं शहर पिढ्यान्‌पिढ्या कमी धान्य घेऊन जास्त दाम मोजतंय आणि कुणाला पत्ता नाही. अर्ज करून उपयोग नव्हता, कारण अर्ज सरदाराकडेच जाणार. ब्रँबलने ठरवलं की ते वजन चोरायचं आणि भर चौकात नेऊन फोडायचं.

आता हे प्रकरण व्हर्लिनच्या नेमक्या दुखऱ्या जागी लागलं. बऱ्याच वर्षांपूर्वी त्याने शेजारच्या गावातल्या धान्याच्या मोठ्या कोठाराचा काटा तपासला होता. तो प्रत्येक ट्रकमागे शेतकऱ्याला बुडवत होता. व्हर्लिनने नियमाप्रमाणे त्यावर काटा बंद ठेवण्याची लाल चिठ्ठी डकवली. वरून फोन आला. चिठ्ठी निघाली. काटा चालू राहिला, कोठाराचा मालक पुढे शाळेच्या मंडळावर निवडून आला आणि त्याने व्हर्लिनला दर नाताळात हॅम पाठवलं. व्हर्लिनने ते दर वर्षी परत पाठवलं, एवढाच काय तो त्याचा पराक्रम. आणि इथे हा टोपडंवाला पोरगा, ना अर्ज, ना चिठ्ठी, सरळ छपरावर चढत होता.

त्याने दुसरा खंड तळघरात बसून संपवला. मार्लिसला दिसू नये म्हणून पुस्तकं नाताळच्या सजावटीच्या खोक्यात दडवली होती. दुसऱ्या खंडाच्या शेवटच्या पानावर ब्रँबल काटेघराच्या छपरातून दोराला लोंबकळत होता, काखेत ते खोटं वजन होतं, आणि वर पहारेकऱ्याने मशाल दोराला लावली होती. दोर पेटला. खंड समाप्त.

व्हर्लिनने मलपृष्ठ उलटून पाहिलं, मग पुन्हा शेवटचं पान पाहिलं. अशा जागी पुस्तक संपवणं हीच खरी चोरी आहे, असं त्याचं मत झालं.

पुस्तकं पेटीत ठेवली होती आर्डिस निगार्डबाईंनी. ऐंशीच्या पुढच्या विधवा बाई, गोधड्या शिवण्यात गावात एक नंबर, आणि व्हर्लिन लहान असताना चर्चच्या रविवारच्या शाळेत त्याला शिकवायला होत्या. अहवालासाठी चार प्रश्न विचारायचेत, अशी सबब काढून तो त्यांच्याकडे गेला. प्रश्न मात्र खराच होता. तुमच्यासारखी देवभीरू बाई चोरांच्या गोष्टी का वाचते, हे त्याला मनापासून कळत नव्हतं, आणि आता तर स्वतःबद्दलही कळत नव्हतं.

आर्डिसबाई सुई न थांबवता म्हणाल्या, "अरे, त्या पुस्तकांतले राजे नुसते बसून असतात. राजपुत्रांच्या नशिबातच सगळं लिहिलेलं असतं. पोटासाठी कामाला जाणारा त्यात एकटा चोरच असतो."

व्हर्लिनने हे लिहून घेतलं. मग बाई म्हणाल्या, "तिसरा खंड आहे माझ्याकडे. हवा का?"

"छे छे," व्हर्लिन म्हणाला. "अहवालापुरतं झालं माझं."

"ने की. पडूनच आहे."

"नको हो, काही घाई नाही."

आता तिसऱ्यांदा विचारायची पाळी. व्हर्लिनने हात किंचित पुढे करूनही ठेवला होता. आर्डिसबाई म्हणाल्या, "बरं," आणि त्यांनी सुईत नवा दोरा ओवला.

असं ओस्टर लेकच्या इतिहासात झालं नव्हतं. व्हर्लिन उठला, टोपी घ्यायला नको तेवढा वेळ लावला, दारात थांबून हवेबद्दल बोलला, पायरीवर थांबून पिकाबद्दल बोलला, गाडीची काच खाली करून रस्त्याच्या खड्ड्यांबद्दलही बोलला. बाईंनी हात हलवून निरोप दिला. दोनदा नको म्हटलेली वस्तू आपण होऊन मागायची, हे तर त्या गावात कुणी मरणाच्या दारातही केलं नसतं.

गावच्या वाचनालयात पाहिलं तर त्याच्या कार्डाची मुदत केव्हाच संपलेली. टेबलामागची मुलगी त्याच्या रस्त्यावरच राहायची. तिने राहत्या पत्त्याचा पुरावा मागितला. घर, वीज, फोन, सगळं मार्लिसच्या नावावर, कारण व्हर्लिनला खरेदीखतातलं क्षेत्रफळ पटलं नव्हतं म्हणून त्याने सही केली नव्हती. "काका, मी तुम्हाला रोज बर्फ काढताना बघते," ती मुलगी हळहळून म्हणाली, "पण तुम्ही तिथे राहता असं कागदोपत्री नाहीये हो." तरी तिने पडद्यावर पाहून दिलं. साऱ्या जिल्ह्यात तिसऱ्या खंडाची एकच प्रत, ती कुणीतरी नेलेली आणि मुदत उलटूनही न आणलेली. कोणी नेली ते सांगता येत नाही, नियम आहे. नियम म्हटल्यावर व्हर्लिनला पुढे बोलता येईना. टपालाने मागवावी तर घरी आलेलं प्रत्येक खोकं मार्लिस उघडते, आणि भर मंडळात चोरांविरुद्ध भाषण ठोकलेल्या माणसाच्या नावे चोराची कादंबरी आली असती तर त्याला पुन्हा चर्चमध्ये तोंड दाखवता आलं नसतं.

शेवटी त्याने ड्वेन प्रिबिलचा सल्ला घेतला. ड्वेन हा आर्डिसबाईंचा शेजारी, रस्त्यावरचं बर्फ ढकलणारी गाडी चालवून निवृत्त झालेला, आणि कुठल्याही विषयावर सल्ला द्यायला कायम मोकळा. व्हर्लिनने पुस्तकाचं नाव न घेता आडून विचारलं की माणसाला चोराच्या गोष्टी का आवडत असाव्यात. ड्वेनने बराच विचार केला. मग म्हणाला, "लेका, मी जन्मभर पांढऱ्या पट्टीच्या उजव्या बाजूने गाडी चालवली. एकदाही पट्टी ओलांडली नाही. कुणीतरी ओलांडतंय हे वाचलं तर मला बरंच वाटेल की. आणि चोराला काय हवंय ते तो सरळ जाऊन घेतो. आपल्याकडे माझ्या सासऱ्याला चौदा वर्षं मीठ हवं होतं, शेवटपर्यंत मागितलं नाही." त्याने पुढे सशाच्या सापळ्यांबद्दलही सल्ला दिला, तो व्हर्लिनने ऐकला नाही. सरळ जाऊन घेतो, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं.

बुधवारी सकाळी आर्डिसबाई चर्चच्या तळघरात गोधड्या शिवायला जातात. दार उघडं टाकून जातात, सगळेच टाकतात. आत जायचं, वाचून होईपर्यंत खंड आणायचा, गुपचूप परत ठेवायचा. याला चोरी म्हणायचं की न विचारता उसनवारी, यावर त्याने बराच वेळ घालवला आणि न विचारता उसनवारी असा निकाल दिला. पहिल्या खंडातली म्हातारी ब्रँबलला शिकवते की चोराच्या हातात नेहमी दुसऱ्याच कामाची वस्तू असावी. व्हर्लिनने परसातल्या झुकिनीची पिशवी भरून घेतली. कुणी हटकलंच तर म्हणायचं, भाजी द्यायला आलो होतो.

इथे त्याचं चुकलं, आणि हे कुठल्याही शेंबड्या पोराला कळलं असतं. तो ऑगस्ट महिना होता. ऑगस्टात मिनेसोटात झुकिनीला ऊत येतो. ज्याने वसंतात तीन रोपं लावली, त्याच्याकडे आता ढिगाने दुधीएवढाल्या झुकिन्या असतात, आणि त्या तो शेजाऱ्यांच्या ओट्यावर, टपालपेटीत, उघड्या गाडीच्या आसनावर सोडून पळतो. जन्मात कुलूप न लावणारी माणसं ऑगस्टात गाड्यांना आणि घरांना कुलपं लावतात, ती चोरांच्या भीतीने नव्हे. आर्डिसबाईंचं दारही बंद होतं.

खिडकीतून स्वयंपाकघरातलं टेबल दिसत होतं. टेबलावर तिसरा खंड होता, निळ्या कव्हराचा, त्यावर दोर जळताना काढलेला. व्हर्लिनला आपलं वय, हुद्दा, मंडळातलं भाषण, काहीच आठवेना. दाराशेजारी भिंतीत दुधाची खिडकी होती. जुन्या घरांना असते, पूर्वी गवळी बाहेरच्या झडपेतून बाटल्या आत ठेवायचा आणि घरातली बाई आतल्या झडपेतून काढून घ्यायची. गवळी जाऊन जमाना झाला, खिडकी राहिली. व्हर्लिनने बाहेरची झडप उघडली, आतली ढकलली. हात आत घालून दाराचं कुलूप आतल्या बाजूने फिरवून उघडता आलं असतं. मध्ये पिशवी नको म्हणून त्याने ती आधी आतल्या फळीवर ठेवली, ती कलंडली आणि झुकिन्या धडाधड आर्डिसबाईंच्या फरशीवर गडगडल्या. मग त्याने हात घातला. कुलपापर्यंत बोटं पोहोचली नाहीत, म्हणून खांदा घातला. खांदा गेला. परत काही येईना.

माणूस भिंतीत खांद्यापर्यंत अडकला की त्याला विचार करायला भरपूर सवड मिळते. ब्रँबलला असं कधी कसं झालं नाही, हा व्हर्लिनच्या मनातला पहिला विचार. दुसरा, की ब्रँबल विशीतला आहे आणि त्याच्या आहारात मार्लिसचे चॉकलेटचे केक नसावेत. तेवढ्यात मागे गाडी थांबली. त्या आठवड्यात सगळ्या बायका घरी टोमॅटो बाटल्यांत भरण्यात गुंतल्या होत्या, म्हणून गोधड्यांचा वर्ग लवकर सुटला होता.

आर्डिसबाई त्याच्यामागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी खिडकीतून आत पाहिलं. फरशीवर पसरलेल्या झुकिन्या पाहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून रविवारच्या शाळेची सगळी माया उतरली.

"व्हर्लिन टॉलेफसन," त्या हळूच म्हणाल्या. "कुलूप लावलं तर भिंतीतून ढकलतोस?"

आवाज ऐकून ड्वेन आला, येताना भांड्यांच्या साबणाची बाटली घेऊन आला, कारण अडकलेल्या माणसाबद्दलही त्याच्याकडे सल्ला होता. साबण ओतून, पिळून, एकदा श्वास सोडायला लावून त्यांनी व्हर्लिनला ओढून काढलं आणि आत नेऊन खुर्चीत बसवलं. त्याच्या बाहीतून फेस गळत होता. ड्वेनला हसू आवरत नव्हतं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं, वजनमाप निरीक्षक टॉलेफसन एकट्या विधवांच्या भिंतींतून झुकिन्या सोडतो. ज्याने उभ्या आयुष्यात कुणावर काही लादलं नाही, त्याची ही अपकीर्ती. व्हर्लिनला ती सहन होईना.

"मी झुकिनी सोडायला आलो नव्हतो," तो म्हणाला. "मी चोरी करायला आलो होतो."

"तू?" ड्वेन म्हणाला. "लेका, माझ्या झाडाचं सफरचंद रस्त्यावर पडलं तर तू ते कुंपणावरून परत ठेवतोस."

"खोटं बोलावं तर पटेल असं तरी बोलावं," आर्डिसबाई म्हणाल्या.

व्हर्लिनने टेबलाकडे बोट दाखवलं. बोटावरून साबण टपकला. "तो तिसरा खंड. मला हवाय."

ड्वेनने चटकन आपल्या बुटांकडे पाहिलं, जसं दुसऱ्याच्या घरात नको ते दार उघडल्यावर माणूस पाहतो. मग साबणाची बाटली उचलून तो घरी निघून गेला.

"इतका हवाय?" आर्डिसबाईंनी विचारलं.

"त्याने ते वजन बाहेर नेलं का, एवढंच मला बघायचंय," व्हर्लिन म्हणाला. "मला त्या कोठाराचा काटा बंद ठेवता आला नाही, आर्डिसबाई. चिठ्ठी लावली, ती त्यांनी काढली. दुसऱ्यांदा लावायला पाहिजे होती. मी घरी बसलो. निदान त्या पोराला तरी जमलं का, ते बघतो."

आर्डिसबाई समोरच्या खुर्चीत बसल्या. "आमचा ऑर्व्हिल तिथेच धान्य घालायचा," त्या म्हणाल्या. "प्रत्येक खेप कमी भरते हे त्याला माहीत होतं. म्हणायचा, सगळ्या सरकारात एका टॉलेफसनच्या पोराला दिसलं. ती लाल चिठ्ठी होती ना, तो आठवडाभर सगळे शेतकरी उगीच त्या काट्याकडे जाऊन बघून येत होते. तुला कुणी सांगितलं नाही का?"

कुणी सांगितलं नव्हतं. ओस्टर लेकमध्ये असल्या गोष्टी सांगत नाहीत. व्हर्लिनने रुमाल काढून हाताचा साबण पुसला, मग तोंड पुसलं, त्यामुळे डोळ्यांत साबण गेला आणि पुढचं सगळं सोपं झालं.

"मग त्या दिवशी तिसऱ्यांदा का नाही विचारलंत?" त्याने डोळे चोळत विचारलं.

आर्डिसबाई पहिल्यांदाच ओशाळल्या. "विचारलं असतं तर तू घेतलं असतंस. माझं वाचून कुठे झालंय. दोनदा विचारलं तेच जिवावर आलं होतं. वाचनालयातली एकुलती प्रतही मीच आणलीय, ती कपाटात आहे. दुसऱ्या कुणी माझ्याआधी वाचून शेवट सांगू नये म्हणून."

रविवारच्या शाळेत चोरी करू नको ही सातवी आज्ञा व्हर्लिनकडून ह्याच बाईंनी पाठ करून घेतली होती.

"मग ती प्रत मला द्या," तो म्हणाला.

"देते की. पण पहिलं प्रकरण इथेच बसून वाचायचं. तुझं तोंड बघायचंय मला."

एवढ्यात फोन वाजला. आर्डिसबाईंनी घेतला, बराच वेळ हं हं केलं आणि ठेवला. "ड्वेनने मार्लिसला कळवलंय," त्या म्हणाल्या. "ती निघालीय. म्हणते, मी पोहोचेपर्यंत त्या दोराला कुणी हात लावायचा नाही."

घरी दोराचा विषय व्हर्लिनने चुकूनसुद्धा काढला नव्हता. कपडे धुवायचं यंत्र तळघरातच होतं, नाताळच्या सजावटीच्या अगदी शेजारी. अलीकडे मार्लिसला कपड्यांची एक खेप धुवायला अख्खी दुपार का लागत होती, आणि तरी तिने त्याला खोक्याबद्दल एकदाही का हटकलं नाही, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. माप तपासण्यात हयात घालवलेल्या माणसाला स्वतःच्या घरातली ही एवढी तफावत दिसली नव्हती.

मागचं दार ढकलून ड्वेन परत आला. हातात काही नव्हतं आणि सबबही नव्हती. तो टेबलाशी येऊन उभा राहिला, एकदा आर्डिसबाईंकडे आणि एकदा व्हर्लिनकडे पाहून म्हणाला, "मार्लिस फोनवर दोर दोर करत होती. कसला दोर?"

आर्डिसबाईंनी पुस्तक टेबलाच्या मधोमध पालथं ठेवलं. व्हर्लिनने पायाने एक रिकामी खुर्ची ढकलून ड्वेनला बसायला दिली, मार्लिसला यायला अजून अवकाश आहे असा अंदाज केला, आणि मिठागराच्या शहरात उपाशी हिंडणाऱ्या पोरापासून सांगायला सुरुवात केली.